मेंदूतील मोत्यासारखी गाठ

मेंदूत गाठ आहे असे कळताच कुटुंबावर आकाश कोसळते आणि कर्करोगाखेरीज दुसरा विचार कोणाच्या मनात येत नाही. तथापि मेंदूच्या व मज्जारज्जूच्या काही गाठी कर्करोगाच्या नसतात. एपिडर्मॉइड आणि डर्मॉइड या दोन गाठी तर चक्क त्वचेच्या बनलेल्या असतात.

कवटीच्या आत त्वचा येते कोठून? गर्भ तीन ते पाच आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीकडील पेशींचा पट्टा आत वळतो व त्याच्या कडा जुळून एक नळी तयार होते. हीच नळी पुढे मेंदू व मज्जारज्जू बनते. ही नळी बाहेरील थरापासून सुटी होताना त्वचेच्या काही पेशी चुकून आत अडकल्या, तर त्या तेथेही त्वचेचाच धर्म पाळतात. मातेने ग्रहण पाळले नाही म्हणून असे घडते, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे.

त्वचेवरील मृत पेशी रोज गळतात आणि आंघोळीबरोबर निघून जातात. आत अडकलेल्या त्वचेला ही वाट नसते. गळालेला कोंडा पातळ वेष्टनात साठत राहतो व गाठ त्वचेच्याच संथ गतीने वाढते. म्हणूनच जन्मापासून असलेली एपिडर्मॉइड गाठ बहुधा विशीनंतर, कधी पन्नाशीतही लक्षात येते. मेंदूच्या सर्व गाठींमध्ये तिचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आहे. डर्मॉइड त्याहून विरळ. फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ क्रुव्हेलिए यांनी 1829 मध्ये या गाठीच्या मोत्यासारख्या झळाळीचे वर्णन केले. ही गाठ मऊ असते. मज्जातंतूंच्या व रक्तवाहिन्यांच्या फटींतून ती पसरत जाते. कानामागील खोल भागात ती असली तर ऐकू कमी येते, तोल जातो किंवा चेहऱ्यात विजेसारखी कळ उठते. ही कळ दाताची समजून चांगले दात काढून घेणारे रुग्णही असतात.

डर्मॉइड गाठीत कोंड्याबरोबर केस व तेलकट स्रावही आढळतो. ती फुटून हा स्राव मेंदूभोवतीच्या द्रवात मिसळला, तर जंतूंशिवायच मेंदूच्या आवरणांचा दाह होतो.

या गाठीची एक खूण मात्र घरच्या माणसांनाही दिसू शकते. काही बालकांच्या पाठीच्या मध्यरेषेवर किंवा डोक्याच्या मागील बाजूस सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. त्याभोवती कधी केसांचा झुपका, कधी लालसर डाग असतो. त्यातून जाणारी बारीक नळी आतील गाठीपर्यंत पोहोचलेली असू शकते व त्याच वाटेने जंतू आत शिरतात. वारंवार मेंदूज्वर होणाऱ्या बालकाची पाठ व डोके म्हणूनच नीट पाहिले पाहिजे. छिद्रात काडी घालू नये, ते पिळू नये, त्यात औषध सोडू नये. माकडहाडाच्या टोकाशी, नितंबांच्या घडीतील साधी खळी बहुधा निरुपद्रवी असते. तिच्या वर असलेले छिद्र तज्ज्ञास दाखवावे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा बालकाचा सदरा काढून पाठ दाखविण्यास संकोच कशाला?

क्वचित ही गाठ उपचारातूनही उद्भवते. कण्यातील पाणी काढताना सुईत आतली तार नसेल, तर त्वचेचा कण आत ढकलला जाऊन वर्षांनंतर तेथे गाठ होते.

निदानासाठी एम.आर.आय. सर्वांत उपयुक्त. औषधाने ही गाठ विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. आतील कोंडा सहज निघतो, अडचण वेष्टनाची असते. वाढ करणारा जिवंत भाग तोच, आणि तोच नाजूक मज्जातंतूंना चिकटलेला असतो. तो ओढून काढल्यास चेहरा लुळा पडण्याचा अथवा गिळणे अवघड होण्याचा धोका संभवतो. त्यामुळे अनुभवी शल्यचिकित्सक कधी कधी एखादा तुकडा जाणूनबुजून ठेवतात. हा तुकडा पुन्हा वाढण्यास अनेक वर्षे लागतात. तोपर्यंत रुग्णाने ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावयाची असते.