प्रोग्रॅमर गप्पा का मारतात?

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे आमचे गाव भालचंद्र गणपतीच्या मंदिरामुळे अनेकांना माहीत असते. दिवाळीच्या सुमारास गावातून दोन प्रकारची ये-जा चालू असते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाल्याची, भांड्यांची बोचकी बांधून कारखान्याच्या वाटेला लागतात. आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले रात्रीच्या गाडीने घरी येतात. या मुलांत अलीकडे संगणकाच्या कंपन्यांत प्रोग्रॅमर म्हणून काम करणारेही असतात. गेल्या दिवाळीत असे तिघे माजी विद्यार्थी पारावर बसलेले दिसले, म्हणून मीही टेकलो. दहावीतला एक मुलगा आधीपासूनच तेथे कान देऊन बसला होता.

तासभर गप्पा चालल्या. घरभाडे, कर्जाचे हप्ते, रस्त्यावरची कोंडी, रात्रीच्या मीटिंगा. मग विषय कामावर आला. एक जण म्हणाला, "सर, सहा वर्षं झाली. पण मी केलेलं काम कुणी वापरताना मी एकदाही पाहिलेलं नाही." दुसरा म्हणाला, "माझे आईवडील कोयता घेऊन जायचे. संध्याकाळी गाडी भरली की किती टन झालं ते दिसायचं. माझं दिवसभराचं काम मला घरी कुणाला सांगताच येत नाही."

दहावीच्या मुलाला राहवले नाही. त्याने विचारले, "एवढा पगार आहे, वर पंख्याखाली बसायचं. मग कटकट कशाची?"

प्रश्न भाबडा नव्हता. पुढच्या वर्षी कोणत्या शाखेला जायचे हे त्या मुलाला ठरवायचे होते, आणि आपण शिक्षक अशा मुलांना 'कॉम्प्युटरला जा' असे सहज सांगून टाकतो. म्हणून या कामाचे स्वरूप काय, त्यात समाधान कोठून येते आणि ते कोठे हरवते, हे जरा नीट पाहू या.

एका चिन्हाचे काम

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. या सूचना अगदी काटेकोर असाव्या लागतात. तिघांपैकी तिसऱ्याने एक छान उदाहरण सांगितले. त्याच्या चुलत्याचे दूध संकलन केंद्र आहे. सुट्टीत बसून त्याने चुलत्यासाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. लीटर आणि फॅट भरले की दर काढून पावती छापायची, एवढेच त्याचे काम. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट हा आधार धरलेला. त्याहून कमी असेल तर दरात कपात.

त्याने सूचना लिहिली: 'फॅट ३.५ पेक्षा जास्त असेल तर पूर्ण दर, नाहीतर कपात.' ३.२, ३.८, ४.१ असे आकडे घालून पाहिले. सगळे बरोबर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईच्या दुधाचे फॅट बरोबर ३.५ भरले आणि पावतीवर कपात आली. बाईंनी तेथेच पावती पुढे केली: "माझं काय चुकलं?" चुकले होते ते प्रोग्रॅमरचे. 'पेक्षा जास्त' याऐवजी 'इतके किंवा त्याहून जास्त' असे हवे होते. एका चिन्हाचा फरक! माणूस मुनीम असता तर त्याने ते आपोआप समजून घेतले असते. संगणक समजून घेत नाही, सांगितले तेवढेच करतो.

ही गोष्ट सांगताना त्या मुलाचा चेहरा उजळला होता. नोकरीतल्या कामाबद्दल बोलताना तो तसा दिसला नव्हता. असे का?

पाच आनंद आणि काही दुःखे

फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने आय.बी.एम. कंपनीत १९६०च्या दशकात एका प्रचंड प्रोग्रॅमच्या निर्मितीचे नेतृत्व केले. ते काम अपेक्षेपेक्षा फार लांबले. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी प्रोग्रॅमिंगचे आनंद आणि दुःखे मांडली आहेत. आनंद पाच: काहीतरी घडवण्याचा, घडवलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा, एकात एक गुंतलेले भाग कोड्यासारखे चालताना पाहण्याचा, सतत नवे शिकण्याचा, आणि ज्या द्रव्यातून घडवायचे ते जवळजवळ निव्वळ विचारांचेच असल्यामुळे ते हवे तसे वळवता येण्याचा.

दुःखेही त्यांनी लपवली नाहीत. काम अचूकच असावे लागते. थोडे चुकले तरी चालेल, ही सोय नाही. काय करायचे ते दुसरे ठरवतात. इतरांनी लिहिलेल्या, अनेकदा सदोष, प्रोग्रॅमवर विसंबावे लागते. चुका शोधणे कंटाळवाणे असते, आणि शेवटच्या चुका सापडायला पहिल्यांपेक्षा जास्त वेळ घेतात. शिवाय काम पुरे होईपर्यंत ते जुने झालेले असते.

यात एक भर घालायला हवी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की प्रोग्रॅमर दिवसभर नवे प्रोग्रॅम लिहितो. प्रत्यक्षात बराच वेळ दुसऱ्याने पूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम वाचण्यात, त्यात दुरुस्ती करण्यात आणि ती दुरुस्ती करताना बाकीचे काही मोडले नाही ना हे तपासण्यात जातो. विहिरीच्या बांधकामापेक्षा गाळ काढण्याचे काम अधिक, असे म्हणा ना!

समाधानाचा हिशेब

समाधान मोजता येईल का? रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या दोघा अभ्यासकांनी १९७०च्या दशकात यासाठी एक चौकट मांडली. कोणत्याही कामाचे त्यांनी पाच गुण धरले.

१) कौशल्यांची विविधता: कामात किती निरनिराळी कौशल्ये लागतात?
२) कामाची पूर्णता: सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वस्तू आपण करतो, की तिचा एक तुकडा?
३) कामाचे महत्त्व: दुसऱ्याच्या आयुष्यात त्याने काही फरक पडतो का?
४) स्वायत्तता: कसे करायचे ते आपण ठरवतो का?
५) पोच: काम बरे झाले की वाईट, हे कामातूनच कळते का?

प्रत्येकाला १ ते ७ पैकी गुण द्यायचे. पहिल्या तिघांची सरासरी काढायची, तिला चौथ्याने आणि पाचव्याने गुणायचे. जास्तीत जास्त अंक ७ × ७ × ७ म्हणजे ३४३.

आपल्या मित्राच्या नोकरीला गुण देऊन पाहू. हे गुण केवळ उदाहरणादाखल आहेत. विविधता ५, पूर्णता २, महत्त्व २, सरासरी ३. स्वायत्तता ४, पोच २. अंक आला ३ × ४ × २ = २४. आता दूध केंद्राचा प्रोग्रॅम. विविधता ४, पूर्णता ७, महत्त्व ७, सरासरी ६. स्वायत्तता ७, पोच ७. अंक ६ × ७ × ७ = २९४. कौशल्य नोकरीतच जास्त लागते, तरीही अंक बारापटीने वाढला! चुकीची पावती घेऊन बाई समोर उभ्या राहिल्या, हीच ती पोच.

येथे सावध राहायला हवे. पुढच्या अभ्यासांत असे दिसले की गुणाकाराऐवजी साधी बेरीज केली तरी अंदाज तितपतच चांगला येतो. म्हणून हा अंक तापमापकासारखा वाचू नये. मात्र पाच प्रश्न मोलाचे आहेत.

तेच प्रश्न ऊसतोडीला लावून पाहा. पोच आहे, टन डोळ्यांना दिसतो. पण उचल घेतलेली असल्याने मुकादम सांगेल तेथे जावे लागते, स्वायत्तता नाही. शरीर झिजते, मुलांची शाळा बुडते. टन दिसतो म्हणून ते काम बरे, असे कोणी म्हणणार नाही, आणि तो मुलगाही तसे म्हणत नव्हता. या चौकटीत मजुरी, सुरक्षितता आणि कष्ट यांचा हिशेब नाही, हीच तिची मर्यादा. पगार पोटाचा प्रश्न सोडवतो. आपले काम कुणाच्या उपयोगी पडले का, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. दहावीच्या मुलाला द्यायच्या उत्तराचा हा पहिला भाग.

फावल्या वेळातली कामे

नोकरीत न मिळणारी पूर्णता आणि पोच अनेक प्रोग्रॅमर फावल्या वेळात शोधतात. त्यातून कधीकधी जगाच्या उपयोगाच्या गोष्टी निघाल्या आहेत. फिनलंडमधील लायनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली छंद म्हणून 'लिनक्स'ला सुरुवात केली. आज जगातले असंख्य संगणक आणि अँड्रॉइड फोन त्याच्या आधारे चालतात. नेदरलँड्सच्या गीडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत 'पायथन' ही भाषा रचायला घेतली. डोनल्ड नूथ या गणिती-संगणकतज्ज्ञांना १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची छपाईपूर्व पाने पाहून वाईट वाटले, म्हणून त्यांनी गणिती मजकूर सुबक जुळवणारा 'टेक' हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. काही महिन्यांचे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. या प्रोग्रॅमच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीचा क्रमांक ३.१४, ३.१४१ असा π च्या जवळ सरकत जातो. चूक दाखवून देणाऱ्याला नूथ २ डॉलर ५६ सेंट देऊ लागले. २५६ म्हणजे १६ चा वर्ग, हा त्यातला विनोद.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावरच उभा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यू.आर. कोड जोडले. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, तेव्हा १० लाख डॉलर्सपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांत वाटली.

पण फावला वेळ सर्वांना सारखा मिळत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६.३० झालेले असतात; तेथील हिवाळ्यात ७.३०. म्हणजे तिकडच्या लोकांशी बोलायची वेळ नेमकी स्वयंपाकाची, मुलांना निजवायची. घर सांभाळून नोकरी करणाऱ्या बाईला 'तू फावल्या वेळात काय करतेस?' असे विचारणे अन्यायाचेच होईल. छंद नाही म्हणून कोणी कमी प्रतीचा प्रोग्रॅमर ठरत नाही.

गप्पांचा उपयोग

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९७०च्या दशकात डॅनियल कूगर आणि रॉबर्ट झवाकी यांनी अमेरिकेतील संगणक क्षेत्रातल्या लोकांची पाहणी केली. त्यांना आढळले की प्रोग्रॅमरना शिकण्याची, वाढण्याची ओढ इतर व्यवसायांतील लोकांपेक्षा जास्त असते, पण इतरांत मिसळण्याची गरज कमी असते. मग ही मंडळी एकत्र जमली की तासन्‌तास का बोलतात?

जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१च्या पुस्तकात एक प्रसंग सांगितला आहे. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात विद्यार्थ्यांसाठी मोठी खोली होती. तिच्या एका टोकाला खाण्यापिण्याचे पदार्थ देणारी यंत्रे होती. तेथे मुले घोळक्याने हसत-बोलत उभी राहत. आवाजाचा त्रास होतो अशी तक्रार आली, म्हणून व्यवस्थापकांनी यंत्रे हलवली. खोली शांत झाली. थोड्याच दिवसांत नवी तक्रार आली: अडचणी सोडवणाऱ्या सल्लागारांपुढे लांब रांगा लागतात, सल्लागार वाढवा! मुलांच्या बहुतेक अडचणी सारख्याच असत आणि त्या यंत्रांजवळच्या गप्पांत परस्पर सुटत असत. गप्पा बंद झाल्या तसे सगळे प्रश्न सल्लागाराच्या टेबलावर आले.

म्हणजे वरवर वेळ दवडणाऱ्या या गप्पा हा कामाचाच भाग होता. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. दुसऱ्याला समजावून सांगताना ती एकदम दिसते. प्रोग्रॅमरांत तर टेबलावर रबराचे बदक ठेवून त्यालाच आपला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. फळ्यावर उदाहरण सोडवताना मध्येच थांबून 'अरे, येथे चिन्ह चुकले' असे आपण म्हणतो, तेव्हा समोरचा वर्ग नकळत तेच काम करत असतो.

वर्गात करून पाहा

दुधाच्या दराचा नियम मुलांना शब्दांत लिहायला सांगा. मग ३.४, ३.५, ३.६ हे आकडे घालून शेजाऱ्याने तो तपासावा. सीमेवरच्या आकड्यालाच चुका का सापडतात, याची चर्चा करा. दुसरा उपक्रम: घरातील एका मोठ्या माणसाच्या कामाला वरील पाच प्रश्न विचारून यावे. गुण देऊ नका, केवळ उत्तरे ऐका. आणि तिसरा, आपल्यासाठी: शिक्षक-खोलीतल्या गप्पांत एका वर्गातली अडचण रोज मांडून पाहा.

पारावरून उठताना मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "कॉम्प्युटरला जायचं तर जरूर जा. पण पगाराबरोबर हे पाच प्रश्नही विचार." तो म्हणाला, "सर, मी आधी दूध केंद्रावर जाऊन येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेथे पावत्यांवरचे आकडे वहीत उतरवून घेताना दिसला. त्यातल्या एका पावतीखाली त्याने रेघ मारली होती. तिच्यावर फॅटचा रकाना रिकामा होता आणि तरीही दर छापून आला होता.