मोकळा रस्ता, मोकळा माणूस

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातून थेट अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. कुठे तो पूर अडवणाऱ्या जुन्या बांधांवरून जातो, तर कुठे द्राक्षमळ्यांमधल्या, तुरळक वर्दळीच्या गाववाटांनी. मोटारींचा धाक नसल्यामुळे मुले आणि म्हातारी माणसेही तिथे निर्धास्तपणे सायकल चालवतात.

परंतु श्रोतेहो, नुसता रस्ता मोकळा असून भागत नाही. माणूसही मोकळा हवा. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधील कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडून संप केले. त्यानंतर २० जूनच्या कायद्याने त्यांना वर्षाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात कामगारांची जोडपी साध्या सायकलींवर आणि दोन आसनांच्या सायकलींवर बसून शहराबाहेर पडली. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहिला.

आम्हां कामगारांची सायकल पाळी गाठता गाठताच झिजली. रजेची मागणी केली, की आम्हाला विचारतात, “रजा घेऊन करणार काय?” उत्तर सोपे आहे: कोणतीही वेळ गाठायची नसताना, एखाद्या नदीच्या काठाने सावकाश सायकल चालवणार. हा हक्कही पगाराइतकाच मोलाचा आहे, असे आम्ही मानतो.