पट्टी, माफी आणि जल्लोष

घरदार, कर्ज, वाग्दान यांपैकी कशाचाही पाश ज्याच्या पायात नाही अशा मनुष्याला ‘फुटलूज अँड फॅन्सी-फ्री’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजीत आहे. त्यातील ‘फॅन्सी’ म्हणजे आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर मिरवणारी नखरेल वस्तू नव्हे. शेक्सपिअरच्या काळी त्या शब्दाचा एक रूढ अर्थ प्रीती असा होता, आणि ‘ए मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात हा समास येतो तोही मदनाच्या बाणातून निसटलेल्या एका कुमारिकेच्या वर्णनात. म्हणजे ‘फॅन्सी-फ्री’ तो, जो प्रेमापासून मुक्त आहे. परंतु भाषाशास्त्रज्ञांनी ‘फ्री’ या शब्दाचे कुळ शोधले तेव्हा तो आपल्या ‘प्रिय’ या शब्दाचा सख्खा भाऊबंद निघाला. ‘फ्रेंड’ हाही त्याच घराण्यातला. जर्मानिक टोळ्यांच्या समाजात गृहपतीला प्रिय असलेली, त्याच्या कुळात मोडणारी माणसे एकीकडे आणि दास दुसरीकडे, अशी वाटणी असल्यामुळे ‘आपला’ या अर्थाचा शब्द कालांतराने ‘जो दास नाही तो’ या अर्थी स्थिरावला.

परंतु कुळाच्या या उबेतून बाहेर पडून हा शब्द सरकारी दप्तरात दाखल झाला तेव्हा त्याचे रूप पालटले. त्याचा उत्कृष्ट नमुना म्हणजे ‘स्कॉट-फ्री’. अपराध करूनही जो दंडावाचून सुटतो त्याला हे विशेषण लावतात, आणि त्याच्या उगमाविषयी दोन कथा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितल्या जातात. पहिलीत स्कॉटलंडच्या लोकांची लोकप्रसिद्ध चिक्कू वृत्ती आहे. दुसरीत ड्रेड स्कॉट हा अमेरिकन गुलाम आहे, ज्याचा स्वातंत्र्याचा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये फेटाळला. ज्याला न्यायालयाने मुक्त केलेच नाही त्याच्या नावावरून मुक्तीचा वाक्प्रचार निघावा, यातील विसंगती ही कथा सांगणाऱ्यांना खटकत नाही हे आश्चर्य. वास्तविक हा शब्द ११व्या शतकातील एडवर्ड द कन्फेसर या राजाच्या नावावर असलेल्या सनदेत आढळतो. ‘स्कॉट’ म्हणजे पट्टी, प्रत्येकाने आपल्या वाट्याची टाकावयाची रक्कम. आणि ‘स्कॉट-फ्री’ म्हणजे आपल्या जुन्या महसुली भाषेत सरळसरळ पट्टीमाफ.

ही पट्टी जशी सरकारची, तशी मद्यपानाच्या बैठकीचीही असे, आणि येथे स्वातंत्र्य व मौज यांची गाठ मोठ्या विलक्षण रीतीने पडते. मध्ययुगीन इंग्लंडात ‘स्कॉटएल’ नावाचा एक प्रकार होता. राजाच्या अरण्याचे अंमलदार ‘एल’ नावाची जवाची दारू गाळीत, आसपासच्या रयतेला पिण्यास बोलावीत, आणि आलेल्यांकडून त्याची पट्टी वसूल करीत. आमंत्रण नाकारण्याची सोय मात्र नसे. वेठबिगार आपण ऐकली आहे, पण ही मौजेची वेठ होती! ६ नोव्हेंबर १२१७ रोजी तिसरा हेन्री या अवघ्या दहा वर्षांच्या राजाच्या नावाने निघालेल्या अरण्यसनदेच्या सातव्या कलमात कोणाही वनाधिकाऱ्याने यापुढे स्कॉटएल भरवू नये, पेंढ्या, ओट, कोकरे किंवा डुकराची पिले गोळा करू नयेत, असे स्पष्ट बजावलेले आहे. मॅग्ना कार्टाचे गोडवे गाणाऱ्यांनी या धाकट्या सनदेकडे फारसे लक्ष दिले नाही. सामान्य रयतेच्या ताटाशी आणि पेल्याशी मात्र तिचाच संबंध अधिक निकटचा होता, असे माझे मत आहे.

माफीची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडातील कित्येक नगरांत, वेस्टमिन्स्टर हे त्यांपैकीच एक, ‘स्कॉट अँड लॉट’ या नावाची स्थानिक पट्टी भरणाऱ्यालाच पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येई. १८३२च्या सुधारणा कायद्याने मताधिकाराची नवी चौकट घातली, तोवर तेथील पट्टीमुक्त मनुष्य देण्यातून सुटलेला खरा, परंतु राज्यकारभारात त्याला आवाज नव्हता.

‘एल’ हा शब्द नुसत्या पेयाचा राहिला नाही, तो उत्सवाचाच वाचक झाला. चर्चच्या डागडुजीसाठी गावाने दारू विकून निधी जमवावयाचा तो ‘चर्च-एल’. लग्नातला तो ‘ब्राइड-एल’, ज्याचे आजचे ‘ब्राइडल’ हे सोज्ज्वळ रूप पाहून त्यात दारूचा घडा दडलेला असेल अशी शंकाही येत नाही. प्युरिटन पंथीयांना या उत्सवांचा तिटकारा. तेव्हा पहिल्या जेम्सने १६१८ मध्ये देशभर फर्मान काढून रविवारच्या उपासनेनंतर नृत्य, तिरंदाजी, मे महिन्याचे खेळ आणि ‘व्हिट्सन-एल’ यांना मोकळीक दिली. मात्र जो उपासनेस हजर राहिला नाही त्याला खेळण्याचीही मुभा नाही, अशी पाचर मारून ठेवली. ‘बुक ऑफ स्पोर्ट्स’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा मौजेचा परवाना पहिल्या चार्ल्सने १६३३ मध्ये पुन्हा जारी केला, आणि १६४३ मध्ये पार्लमेंटने तो जाहीर रीतीने जाळण्याचा हुकूम दिला.

बेबंद मौजमजेला इंग्रजीत ‘पेंट द टाउन रेड’ म्हणतात, त्याची कथा याहून रंगतदार, पण कागदपत्रांत कच्ची. ६ एप्रिल १८३७च्या रात्री वॉटरफर्डचा मार्क्विस आणि त्याची मद्यधुंद मित्रमंडळी मेल्टन मोब्रे या गावच्या जकातनाक्यावर आली, आणि नाका, दारे, पाट्या जे हाती लागेल त्याला त्यांनी तांबडा रंग फासला. पुढे खटला होऊन प्रत्येकी १०० पौंड दंड झाला. घटना खरी, वाक्प्रचाराचे छापील दाखले मात्र १८८०च्या दशकातले, आणि तेही अमेरिकेतले. अर्ध्या शतकाची ही दरी आणि मध्ये एक महासागर ओलांडल्याशिवाय मेल्टन मोब्रेचा हक्क मान्य करता येणार नाही.

राहिली ‘बँक हॉलिडे’ची गोष्ट. ‘हॉलिडे’ म्हणजे मूळचा पवित्र दिवस, संताचा सण. सर जॉन लबक यांच्या १८७१च्या कायद्याने त्याला पेढीशी जोडले. या सुट्टीच्या दिवशी कोणावरही देणे चुकते करण्याची सक्ती नाही, आणि त्या दिवशी मुदत भरलेली हुंडी दुसऱ्या दिवशी देय होईल, असे त्यात ठरले. कृतज्ञ कारकुनांनी ऑगस्टमधील सुट्टीला विनोदाने ‘सेंट लबक’चा दिवस म्हटले. दहा वर्षांनी हिंदुस्थानासाठी चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, त्याच्या २५व्या कलमाचा हवाला देऊन महाराष्ट्र शासन आजही लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा यांची सार्वजनिक सुट्टी जाहीर करते. फरक इतकाच की, या कलमानुसार हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशीच देय धरली जाते. विलायतेतील ऋणकोला बँक हॉलिडेने मिळणारी एक दिवसाची सवलत आपल्याकडच्या ऋणकोला दिवाळीतही नाही.