पंचायतीला उभे राहायचे आहे?

निवडणूक जवळ आली, की पारावर एकच बोलणे चालते. "औंदा कोण उभे राहणार?" कोणी एखाद्याचे नाव घेतो. तो मान हलवतो. म्हणतो, "आपल्याला कुठे जमते, भाऊ? आपण काही शिकलेले नाही."

हे बोलणे खरे आहे काय? पंचायतीत बसायला किती शिक्षण लागते? कोणाला उभे राहता येते? कोणाला येत नाही? कागद कोणते लागतात? हे आपण एकेक करून पाहू.

कायदा कोणता?

आपला बुलढाणा जिल्हा १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. त्यात पुष्कळ फेरफार झाले, पण कायदा तोच चालू आहे. १९९३ पासून पंचायतींना देशाच्या घटनेचाच आधार मिळाला. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग १९९४ साली स्थापन झाला.

गाव लहान असो की मोठे, पंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. सरपंच पूर्वी सदस्य निवडत. २०१७ साली लोकांनीच सरपंच निवडावा असे ठरले. २०२० साली ते बंद झाले आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाले.

कोणाला उभे राहता येते?

पहिली गोष्ट, वय. मत द्यायला १८ वर्षे पुरतात. उभे राहायला मात्र २१ वर्षे पुरी लागतात.

दुसरी गोष्ट, यादीत नाव. गावच्या मतदार यादीत तुमचे नाव हवे. ही यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. म्हणून निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आधीच यादी पाहावी. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव पुष्कळदा माहेरच्या यादीत राहून जाते. तिला सासरी उभे राहता येत नाही. तिचे नाव वेळीच सासरच्या यादीत आणावे. यादी दुसऱ्याकडून ऐकू नका. स्वतः वाचा. नाव, वय आणि घर बरोबर आहे ना, ते पाहा.

तिसरी गोष्ट, शिक्षण. येथे नीट लक्ष द्या. ज्याचा जन्म १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर झाला, त्याला सातवी पास असावे लागते. त्याआधी जन्मलेल्याला शाळेच्या दाखल्याची अट नाही. तेव्हा पारावरच्या त्या भाऊंचे वय चाळीस असेल, तर त्यांचे बोलणे चुकीचे आहे. शाळेत न गेलेला माणूसही कायद्याने उभा राहू शकतो.

कोणत्या गोष्टी आड येतात?

माणसे शिक्षणाला भितात आणि अडतात दुसरीकडेच. कोठे अडतात ते पाहा.

घरपट्टी, पाणीपट्टी. पंचायतीने बिल दिले आणि मागणी केली, की तीन महिन्यांत पैसे भरावे लागतात. नाही भरले, तर माणूस अपात्र ठरतो. एकत्र कुटुंबात तर एकाने थकवले, की सगळ्यांना बाधते. घर बापाच्या नावावर आहे. बापाने पट्टी भरली नाही. मुलगा म्हणतो, "माझ्या नावावर काही बाकी नाही." पण ते चालत नाही. मात्र कायद्याने वाट ठेवली आहे. अर्ज भरण्याच्या दिवसाआधी बाकी चुकती केली, तर अडचण राहत नाही. पावती घ्या आणि जपून ठेवा.

सरकारी जागा. गायरानावर किंवा पंचायतीच्या जागेवर अतिक्रमण केलेल्याला सदस्य होता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ही गोष्ट आणखी कडक केली. अतिक्रमण घरच्या माणसाने केले आणि तुम्ही त्या जागेत राहता, तरी ते तुम्हाला बाधते.

पंचायतीचा पैसा. पंचायतीच्या कामाचा ठेका घेणारा, त्यात भागी असणारा किंवा पंचायतीचा पगार घेणारा सदस्य होऊ शकत नाही. देणारा आणि घेणारा एकच झाला, तर हिशेब कोण विचारणार?

मुले. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले असेल, तर उभे राहता येत नाही. एका मुलानंतर जुळे झाले, तर ते एकच बाळंतपण धरतात. मूल दत्तक दिले, म्हणून ते मोजणीतून सुटत नाही.

संडास. घरी संडास हवा आणि तो रोजच्या वापरात हवा. नुसता बांधून त्यात सरपण भरले, तर उपयोग नाही.

शिवाशिव. अस्पृश्यता पाळल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसालाही कायदा ठराविक मुदतीपर्यंत दूर ठेवतो.

राखीव जागा

पंचायतीतल्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. २०११ सालापासून महाराष्ट्रात हा नियम आहे. शिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या जागा असतात. बाई राखीव नसलेल्या जागेवरही उभी राहू शकते.

जातीच्या राखीव जागेसाठी दोन कागद लागतात. एक जातीचा दाखला. दुसरा पडताळणीचा दाखला. तो जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळतो. तो हाती नसेल, तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र द्यावे लागते. निवडून आल्यावर ठरल्या मुदतीत दाखला दिला नाही, तर पद जाते. निवडून आलेल्या कितीतरी जणांनी केवळ एवढ्यासाठी पद गमावले आहे. बायांनी एक ध्यानात ठेवावे. लग्नाने जात बदलत नाही. दाखला माहेरच्या कागदांवरून निघतो. म्हणून वडिलांकडचे जुने कागद आधीच मागवून घ्यावेत.

अर्ज कसा भरायचा?

निवडणूक जाहीर झाली, की तहसील कचेरीत नोटीस लागते. आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. मेहकरच्या माणसाने मेहकरला आणि शेगावच्या माणसाने शेगावला जावे. बुलढाण्याला जाण्याचे कारण नाही. नोटिशीत चार तारखा असतात: अर्ज देण्याची, छाननीची, अर्ज मागे घेण्याची आणि मतदानाची. त्या वहीत लिहून घ्या.

अर्जाला नामनिर्देशन पत्र म्हणतात. हल्ली तो संगणकावर भरून त्याची छापील प्रत काढतात. त्यावर तुमची सही लागते आणि सूचकाची सही लागते. सूचक म्हणजे तुमचे नाव सुचवणारा मतदार. तो त्याच प्रभागातला घ्यावा. बरोबर घोषणापत्र असते. आपली जमीनजुमला किती, कर्ज किती, कोर्टात खटला आहे काय, हे त्यात खरे खरे सांगायचे असते. अनामत रक्कमही भरावी लागते. राखीव वर्गाला ती कमी असते.

आता मुख्य गोष्ट. अर्ज दुसरा कोणी भरून देतो. तो म्हणतो, "येथे सही कर, बाकी मी पाहतो." असे करू नका. आता तुम्हाला वाचता येते. प्रत्येक ओळ वाचा. न कळले तर विचारा. अर्जात चूक निघाली किंवा कागद कमी पडला, तर छाननीत अर्ज बाद होतो. माहिती खोटी निघाली, तर पुढे तुम्हालाच जबाब द्यावा लागतो. भरून देणारा त्या वेळी कोठे सापडत नाही.

शेवटच्या दिवशी कचेरीत गर्दी फार. संगणकही अडून बसतो. म्हणून एकदोन दिवस आधीच जावे. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी.

खर्चाचा हिशेब

निवडणुकीसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे. खर्च त्यातूनच करावा आणि रोजचा रोज लिहावा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. जो पडला, त्यानेही द्यायचा. पडलेला माणूस रागाने घरी बसतो अन् हिशेब राहून जातो. मग आयोग त्याला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

ध्यानात ठेवा

यादीत नाव पाहा.
पट्टी भरा, पावती ठेवा.
जातीचे दाखले आधीच काढा.
तारखा लिहून घ्या.
वाचल्याशिवाय सही करू नका.

रस्ता, पाणी, शाळेची खोली, दिवाबत्ती यांचा निर्णय पंचायतीत होतो. तेथे कोणी बसावे, हे गाव ठरवील. पण एखादा चांगला माणूस किंवा शहाणी बाई एका पावतीपायी मागे राहू नये. एवढे आपल्या हाती आहे.