स्पिटफायरचा पोलादी टप

ट्रायम्फ स्पिटफायर ही जन्माने उघडी गाडी. दोन माणसांपुरती, बुटकी, जिच्यात बसायचे म्हणजे जवळजवळ खाली उतरायचे. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे ती बनत राहिली आणि सगळे मार्क, म्हणजे आवृत्त्या, मिळून तीन लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. पावसासाठी तिला कापडी हूड होते, पण पहिल्या दोन मार्कांत ते उभे करणे म्हणजे तंबू ठोकणेच. दांड्या काढा, जोडा, त्यावर कापड ताणा, बटणे लावा. तोवर इंग्लंडचा पाऊस आपले काम उरकून जाई. नीट घडी होणारे हूड १९६७ च्या मार्क थ्रीला मिळाले. त्याआधीच, १९६३ पासून, कारखाना जादा पैसे घेऊन एक वेगळी वस्तू देऊ लागला होता. पोलादी पत्र्याचा, बोल्टांनी आवळायचा, उन्हाळा आला की काढून ठेवायचा टप. तिकडचे लोक त्याला हार्डटॉप म्हणतात.

बहुतेकांच्या लेखी हा थंडीपावसातला आडोसा. मला त्याचे मोल वेगळे वाटते. गाडीचा सांगाडा सरळ आहे की वाकला आहे, हे हा टप बसवताना जितके स्वच्छ दिसते तितके रंगरंगोटी पाहून कधीच दिसत नाही. असे का, ते समजण्यासाठी आपल्या ओळखीच्या एका गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर स्टँडर्ड हेरल्ड पाहिलेली पिढी अजून आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती इथे बनवली. मूळची ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचे रूप आखले तूरिनच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. त्या काळी सगळे जग चेसिस आणि बॉडी एकसंध करण्याकडे वळले होते. हेरल्ड मात्र जुन्या वळणाने वेगळ्या चेसिसवर उभी राहिली, आणि त्यामागे सक्ती होती. हेरल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी बीएमसी या प्रतिस्पर्धी मोटार कंपनीने विकत घेतली होती. आख्खी बॉडी एका ठिकाणी दाबून घेण्याची सोय उरली नाही, म्हणून ती तुकड्यांत करून बोल्टांनी जोडायची ठरली. त्यामुळे हेरल्डचा टपसुद्धा बोल्ट सोडले की निघतो. एकाच खालच्या बॉडीवर सलून, कूपे आणि उघडी गाडी अशी तिन्ही रूपे चढवता आली ती यामुळेच. अडचणीतून निघालेली इतकी सुंदर वाट मोटारींच्या इतिहासात मला फारशी दिसत नाही.

स्पिटफायर निघाली ती याच चेसिसमधून. मिकेलोत्तींनी तिचा नमुना तयार केला, कारखान्यात त्याला ‘बॉम्ब’ म्हणत. पण पैसा संपला आणि नमुना कोपऱ्यात आच्छादनाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँड कंपनीने स्टँडर्ड-ट्रायम्फ ताब्यात घेतली. लेलँडचे स्टॅन्ली मार्कलंड कारखाना पाहायला फिरत असताना त्यांनी ते आच्छादन उचलले आणि गाडी बनवायचे ठरवले, असे सांगतात.

आता कळीचा मुद्दा. हेरल्डच्या चाकांमधले अंतर साडेएक्याण्णव इंच, स्पिटफायरचे ८३. चेसिस नुसते आखूड केले असे नाही. हेरल्डच्या चेसिसच्या मधल्या कण्यापासून बाजूंना निघणारे, बॉडीला कडेने आधार देणारे हात स्पिटफायरमध्ये काढून टाकले. ते ओझे दाराखालच्या लांब पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिलवर, आले. मागच्या चाकांना धरणारे दांडेही चेसिसला नाही, बॉडीला येऊन मिळतात. वर छत नाही, कडेला चेसिस नाही. मधला सगळा भाग तोलून धरतात या दोन पत्र्याच्या पेट्या. आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर नेमके तिथेच साचते आणि गंज आतून बाहेर येतो.

सिल कुजली की गाडी मधे खचते. खचण दोरीने मोजावी इतकी दिसत नाही. दाराची मागची फट वरच्या बाजूला आवळते, कुलूप जोराने लावावे लागते, एवढेच. टप मात्र कारखान्यात एका ठरलेल्या मापाने दाबलेला पत्रा आहे, तो समजून घेत नाही. पितळी डबा चेपला की झाकण बसत नाही, तसे होते.

बसवायची रीत अशी. दोन माणसे हवीतच. एकट्याने उचललेल्या टपाचा कोपरा रंगावर घासल्याशिवाय राहत नाही. आधी हूड आणि त्याच्या दांड्या काढायच्या किंवा पूर्ण मागे दाबायच्या. मागच्या पत्र्यावर जुनी चादर पसरायची. रबरी पट्ट्या नव्या लावायच्या, कारण चाळीस-पन्नास वर्षांचे रबर लाकडासारखे कडक झालेले असते आणि ते दाबण्याच्या नादात माणूस बोल्ट जास्त आवळतो. नव्या रबरावर साबणाचे पाणी लावले की टप सरकवून जागेवर आणता येतो. दारांच्या काचा पूर्ण खाली. मग दोघांनी दोन बाजूंनी टप सपाट धरून अलगद टेकवायचा.

यापुढचा अर्धा तास सगळ्यात मोलाचा. पुढे काचेच्या चौकटीवर, बाजूंना दारामागे, मागे डिकीच्या पुढच्या पत्र्यावर असे सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे धरतील इतकेच लावायचे. पाना हातात घ्यायचा नाही. एक बोल्ट आधी आवळला की टप तिकडे ओढला जातो आणि बाकीची भोके सरकतात. सगळे बोल्ट धरले की काचा वर करून पाहायच्या: काचेची कड रबराला वरपासून खालपर्यंत सारखी टेकते का? जिथे फट दिसेल तिथे वायसर किंवा पातळ पट्टी घालून माप भरायचे. मग एक बोल्ट इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा.

भोके जुळलीच नाहीत तर? इथेच घाई होते. कोणी जॅक लावून भोक जुळवतो, कोणी कानशीने भोक मोठे करतो. दोन्ही प्रकार मला अक्षम्य वाटतात. टप आपल्याला सिलकडे बघायला सांगतो आहे आणि आपण त्याचे तोंड दाबतो आहोत. अशा वेळी टप परत उतरवून गाडीखाली जावे, टोचणी घेऊन सिल तपासावी. सिल बदलायची असेल तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा दांडा वेल्ड करावा. नाहीतर गाडी खचलेल्या स्थितीतच नवा पत्रा जोडला जाईल.

टपाचा लाभ शर्यतीतही झाला. १९६४ आणि १९६५ मध्ये ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरलेल्या स्पिटफायरवर मागे उतरत जाणारे फायबरग्लासचे छत होते. मिकेलोत्तींनीच केलेल्या बंद गाडीच्या नमुन्यावरून ते घेतले होते. १९६५ मध्ये दोन गाड्या तेराव्या आणि चौदाव्या आल्या आणि आपल्या गटात पहिल्या दोन ठरल्या. तोच बंद नमुना पुढे दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घेऊन १९६६ मध्ये जीटी-सिक्स म्हणून विक्रीला आला. जीटी-सिक्स वेगवान खरी, पण तिचे छत काढता येत नाही, म्हणून माझी पसंती टपवाल्या स्पिटफायरलाच.

१९७० च्या मार्क फोरसाठी गाडीची मागची बाजू बदलली आणि टपही नव्याने आखला, तेव्हा सुटा टप घेताना आधी मार्क विचारावा. काढलेला टप भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये; गॅरेजच्या तुळईला पट्टे आणि कप्पी लावून सपाट टांगलेला बरा. आणि कधी टप चढवलेली स्पिटफायर विकत घ्यायची वेळ आली, तर मालकाला तो आपल्यासमोर काढायला आणि परत बसवायला सांगा. टप उतरल्यावर दोन्ही दारे उघडून बंद करून पाहा. मालक तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नका.