चला, अजबखाना पाहू या

मुंबईला आपण सगळेच कधी ना कधी जातो. कुणाचा भाऊ तिथे नोकरीला असतो. कुणाची लेक तिकडे दिलेली असते. कुणाला इस्पितळाचे काम निघते. काम उरकते आणि एखाददुसरा दिवस हाती उरतो. मग आपण चौपाटी पाहतो, गेटवे पाहतो, दुकाने पाहतो. बसमधून घुमटाची एक मोठी इमारत दिसते. कोणी तरी म्हणते, "ते म्युझियम." आपण म्हणतो, "असेल बुवा. शिकलेल्यांचे काम ते." आणि बस पुढे निघून जाते.

आम्हीही असेच म्हणत होतो. पण एकदा आमच्या साक्षरता वर्गातली अकरा माणसे मुंबईला गेलो. दोन दिवस होते. कसे फिरलो, काय पाहिले आणि कुठे चुकलो, ते तुम्हांला सांगतो.

म्युझियम म्हणजे वस्तुसंग्रहालय. जुनी माणसे त्याला अजबखाना म्हणत. मूर्ती, चित्रे, शस्त्रे, भांडी अशा मोलाच्या वस्तू तिथे जपून ठेवतात. एरवी असल्या वस्तू राजवाड्यात नाही तर श्रीमंताच्या घरात राहिल्या असत्या. इथे त्या सर्वांना पाहता येतात. तिकीट काढले की आत. तुम्ही किती शिकलात, हे दारावर कोणी विचारत नाही.

पहिला दिवस : राणीची बाग

आम्ही दादरला गाडीतून उतरलो आणि लोकल धरायला गेलो. वेळ सकाळी नऊची. हीच आमची पहिली चूक. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात लोकलला फार गर्दी असते. लोंढा आला. आमच्यातल्या एक मावशी डब्यात ढकलल्या गेल्या आणि बाकीचे खालीच राहिलो. गाडी सुटली. आमच्या पोटात गोळा आला. मावशींजवळ ना फोन, ना पत्ता.

पुढच्या गाडीने आम्ही भायखळ्याला उतरलो. पाहतो तर मावशी बाकावर बसलेल्या! म्हणाल्या, "घाबरले होते रे बाबांनो. पण पाटी वाचली. भा-य-ख-ळा. उतरले आणि बसून राहिले." एक वर्षापूर्वी त्यांना ती पाटी वाचता आली नसती.

म्हणून निघण्याआधी प्रत्येकाला उतरायच्या स्टेशनाचे नाव सांगून ठेवा. ते चिठ्ठीवर लिहून फोन नंबरासकट खिशात ठेवा. चुकामूक झाली तर त्याच स्टेशनावर उतरून थांबायचे, असे ठरवून ठेवा.

भायखळा स्टेशनाच्या पूर्वेला उतरले की राणीची बाग चालत जाण्याजोगी आहे. तिथेच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ही इमारत 1872 साली लोकांना खुली झाली. आत मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. जुन्या काळी निरनिराळे धंदे करणारी माणसे कशी दिसत, त्यांच्या पगड्या कशा होत्या, हे त्यांवरून कळते. वस्तूंजवळच्या पाट्या मराठीतही आहेत.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. त्याच्याजवळ अवश्य थांबा. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. 1864 साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना यंत्र मोडले. हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे मुंबईत आणले आणि 1914 साली जोडले. यंत्र मोडले नसते, तर तो पाहायला आपल्याला समुद्रापार जावे लागले असते.

दुसरा दिवस : काळा घोडा

दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर निघालो. लोकलने बोरीबंदरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. तिथून काळा घोडा सुमारे वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. मुंबईच्या या भागात रिक्षा चालत नाही. बस किंवा टॅक्सी मिळते. टॅक्सीत बसताना मीटर पाडायला सांगावे.

घुमटाची ती इमारत म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून ती बांधली. 1922 साली संग्रहालय सुरू झाले. इथे आम्ही दुसरी चूक केली. सगळेच पाहायचे म्हणून दालनांमागून दालने धावत सुटलो. दोन तासांत पाय भरून आले आणि डोक्यात काहीच राहिले नाही. मग एका ओट्यावर बसलो, पाणी प्यालो आणि ठरवले, आता तीनच वस्तू पाहायच्या, पण नीट.

पहिली वस्तू, घारापुरीहून आलेली ब्रह्मदेवाची मूर्ती. ती चौदाशे वर्षांपूर्वीची आहे. आदल्या दिवशीच्या हत्तीच्याच गावची! दुसरी, अकबर बादशहाचे चिलखत. तिसरी, हातभर कागदावरची बारीक चित्रे. अशी चित्रे खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढीत. रंगीत दगड कुटून, घोटून रंग करीत. एक शेतकरी गडी पानाफुलांकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. म्हणाला, "हे केळीचे पान ज्याने काढले, त्याने केळ जवळून पाहिली होती."

चित्रांच्या दालनात उजेड मंद का, असे आम्ही विचारले. तिथल्या माणसाने समजावले, जास्त उजेडाने रंग उडतात. वस्तूंना हातही लावू नये. हाताचा घाम आणि तेल वस्तूला लागते. रोज शेकडो हात लागले, तर दगडसुद्धा झिजतो.

शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथे आजच्या चित्रकारांची चित्रे लागतात. आत जायला पैसे पडत नाहीत. समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

जाण्यापूर्वी

संग्रहालयाला सुटी असते. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते. तरी आधी चौकशी करून जा. पिशव्या दारात ठेवाव्या लागतात, म्हणून बोजा कमी न्या. एका दिवसात एकच मोठे संग्रहालय पाहा. समजले नाही तर तिथल्या माणसाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

परत निघताना मावशी ब्रह्मदेवाच्या मूर्तीपुढे पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही हाक मारली, "मावशी, चला, गाडी चुकेल." त्या म्हणाल्या, "थांबा जरा. पाटीवरची शेवटची ओळ राहिलीय."

आम्ही थांबलो.