पुडी विकणारा आणि पुडी ओढणारा

अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली, म्हणजे सेवनाच्या गुन्ह्यासाठी, मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयात खटला कसा चालतो, हे बातम्यांत कधी येत नाही. येणार तरी कसं, तो बहुतेकदा चालतच नाही. रुळांच्या कडेला, पुलाखाली किंवा मैदानाच्या कोपऱ्यात चिलीम ओढणारा कुणी तरी पोलिसांना सापडतो. वैद्यकीय तपासणी होते, पंचनामा होतो, कागद तयार होतात. ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला तो मान हलवतो. नाही म्हटलं तर तारखा पडणार आणि प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडणार, एवढा हिशेब त्याला येतो. थोडा दंड किंवा एखाद्या दिवसाची कैद, आणि प्रकरण निकाली.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतले मुंबईतले असे दहा हजारांवर खटले तपासले. जवळजवळ सगळे सेवनाचे होते, त्यातले बहुसंख्य गांजाचे, आणि आरोपी बहुतकरून रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे. गांजा फक्त फुटपाथवर ओढला जातो, असं मानायला मुंबईकर काही इतका भोळा नाही. उंच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर ओढणाऱ्याला भिंती आहेत आणि पुलाखालच्याला नाहीत, एवढाच फरक. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत महाराष्ट्र एनडीपीएसच्या गुन्ह्यांत केरळच्या खालोखाल दुसरा होता. तेरा हजारांहून जास्त गुन्हे. आकडा वाचून वाटतं, केवढी ही कारवाई! पण त्यातला मोठा वाटा विकणाऱ्यांचा नसून ओढणाऱ्यांचा आहे.

माझं म्हणणं साधं आहे. स्वतःपुरता अमली पदार्थ घेणं आणि जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहू नये. विकणं, बनवणं, आणणं हे गुन्हेच राहावेत. गांजाची दुकानं उघडा, असं इथं कुणी म्हणत नाही. गांजा निरुपद्रवी आहे, असंही नाही. कोवळ्या वयात भरपूर गांजा ओढणाऱ्याला मनोविकार जडण्याचा धोका वाढतो, हे मनोविकारतज्ज्ञ सांगतात. आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन माणसाला किती झपाट्यानं पोखरतं, हे पुण्या-नाशिकातल्या अनेक घरांना सांगायला नको. पदार्थ वाईट आहे, म्हणून तर तो घेणाऱ्याला कोठडीऐवजी दवाखान्याची गरज आहे.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारनं गांजा, भांग आणि चरस यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्यानं ११९३ साक्षी नोंदवल्या, तीन हजारांवर पानांचा सात खंडांतला अहवाल दिला आणि सांगितलं, की माफक सेवनानं फारसं नुकसान होत नाही, बंदी घालू नये, कर आणि परवान्यानं आवर घालावा. गोऱ्या साहेबाला महसूल हवा होता, हे खरंच. पण एवढी मोठी चौकशी आपल्याकडे त्यानंतर कुणी केली नाही, हेही खरं. पुढे १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आला. गांजाचा बिगर-औषधी वापर थांबवायला भारताला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. मुदत सरत आली आणि १९८५ मध्ये संसदेनं एनडीपीएस कायदा केला. विधेयक ऑगस्टमध्ये मांडलं गेलं आणि १४ नोव्हेंबरला कायदा लागूही झाला. गांजाच्या झाडाचा शेंडा बेकायदा ठरला आणि पानं सुटली. म्हणून आजही काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत आणि त्याच झाडाची फुलं खिशात सापडली, की कोठडी.

कायदा मुळात कडक होता, तरी एक गोष्ट त्यात शहाणपणाची होती. स्वतःसाठी थोडासा पदार्थ जवळ बाळगणाऱ्याला जुन्या कलम २७ नुसार वेगळी, सौम्य शिक्षा होती. फक्त ‘हे विकायला नव्हतं’ हे त्यानं सिद्ध करायचं. २००१ च्या दुरुस्तीनं शिक्षेचे तीन टप्पे पाडले: अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि मधली. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत, हेरॉइनची पाच ग्रॅम, एमडीची दोन ग्रॅम. हेतू चांगला होता, छोट्या माणसाला मोठी शिक्षा होऊ नये. पण याच फेरफारात ‘स्वतःसाठी बाळगणं’ ही वेगळी वर्गवारी गळाली. आता कलम २७ मध्ये फक्त सेवन उरलं: हेरॉइन, कोकेन किंवा मॉर्फिनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इतरांसाठी सहा महिने किंवा दहा हजार. बाळगणाऱ्याला मात्र कायदा फक्त वजन विचारतो, हेतू विचारत नाही. त्यात २००९ च्या अधिसूचनेनं ठरवलं, की शुद्ध अंश न मोजता भेसळीसकट सगळं मिश्रण मोजायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. रस्त्यावरच्या गर्दमध्ये, म्हणजे ब्राउन शुगरमध्ये, हेरॉइन किती आणि भुकटी किती, हे देवालाच ठाऊक. पण चार दिवसांची बेगमी म्हणून सहा ग्रॅम घेऊन निघालेला व्यसनी माणूस मधल्या मात्रेत जातो, आणि तिथं शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे.

गर्दचं नाव काढलं, की महाराष्ट्रात अनिल अवचटांची आठवण निघतेच. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि कॉलेजांत शिरली, तेव्हा त्यांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. एनडीपीएस कायदा लागू होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. एकाच गर्दला दिल्लीनं एक उत्तर दिलं आणि येरवड्यानं दुसरं. व्यसनी हा आजारी माणूस आहे, त्याचा अपमान करायचा नाही, बळजबरी करायची नाही, घरच्यांनाही उपचारात घ्यायचं, ही मुक्तांगणची रीत. त्या रीतीतलं सगळ्यात मोठं शहाणपण ‘स्लिप’बद्दलचं आहे. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सोसून, महिनाभर राहून, बरा होऊन घरी गेलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. तो घसरला, की त्याला परत घ्यायचं. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हा आजार उलटतो, हेच पहिलं वाक्य ऐकायला मिळेल.

कायद्याला मात्र हे कळत नाही. कलम ६४-अ नुसार, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या आरोपातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. ऐकायला छान. पण उपचार पुरा केला नाही, तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे ज्या आजाराचं लक्षणच उलटणं हे आहे, त्यात उलटलात की सवलत बंद. कुठल्या मधुमेही माणसाला गोड खाल्लं म्हणून इन्सुलिन नाकारतात?

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’च्या तज्ज्ञांनी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली. तिच्यानुसार गांजा किंवा चरस ओढणारे सुमारे एक कोटी तीस लाख, भांग घेणारे सुमारे दोन कोटी वीस लाख, अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटी. दारू पिणारे सोळा कोटी, पण त्यांचा महसूल राज्यांच्या तिजोरीत जातो, म्हणून तो विषय निराळा. बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधी तरी भरती होऊन उपचार मिळाले होते. उरलेले एकोणीस कुठं आहेत? काही घरात दडलेत, काही पुलाखाली आहेत, आणि त्यातले थोडे दरवर्षी कलम २७ खाली कबुली देताहेत.

दडण्याची किंमत रक्तातही मोजता येते. एचआयव्हीचं प्रमाण सर्वसाधारण प्रौढांत २०१७ च्या अंदाजानुसार ०.२२ टक्के होतं. सुईनं नशा करणाऱ्यांत सहा टक्क्यांच्या वर. म्हणून सरकारचीच एड्स नियंत्रण संस्था, नॅको, अशा लोकांना स्वच्छ सुया पुरवते, तलफ आवरणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देते. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था रस्त्यावरच्या लोकांमध्ये हेच काम वर्षानुवर्षं करताहेत. आता गंमत बघा. कायदा महसूल विभागाचा, पोलीस गृहखात्याचे, व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय खात्याची आणि सुया-गोळ्या आरोग्य खात्याच्या. एक खातं माणसाला सुई देतं आणि दुसरं त्याच सुईसाठी त्याला धरतं.

ही खात्यांची फाटाफूट पोर्तुगालनं मोडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एक कोटी वस्तीच्या त्या देशात सुमारे एक टक्का लोक हेरॉइनच्या विळख्यात होते. लिस्बनमधली कझाल व्हेंतोजू ही वस्ती युरोपातला सगळ्यात मोठा उघडा अड्डा म्हणून बदनाम होती. डॉक्टर झुआंव गुलांव यांच्यासारखे लोक ज्या समितीत होते, तिनं सुचवलं, की घेणारा हा गुन्हेगार मानू नका. १ जुलै २००१ पासून कायदा बदलला. दहा दिवस पुरेल इतका पदार्थ, म्हणजे गांजा २५ ग्रॅम, हेरॉइन एक ग्रॅम, जवळ सापडला, तर फौजदारी खटला नाही. पोलीस पदार्थ जप्त करतात आणि माणसाला एका तीन जणांच्या आयोगापुढं पाठवतात. आयोगात न्यायाधीश नाही; कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणारी माणसं. नुसता चाळा असेल, तर समज देऊन सोडतात. व्यसन असेल, तर उपचाराचा रस्ता दाखवतात, आणि तो रस्ता खरोखर असतो: दवाखाना, मेथाडोन, समुपदेशक, नोकरीसाठी मदत. विकणारा मात्र पूर्वीसारखाच तुरुंगात जातो.

पोर्तुगालात पोरं बिनधास्त सुटतील, देश नशेबाज पर्यटकांनी भरेल, अशी भाकितं तेव्हा झाली होती. तसं काही घडलं नाही. सुईनं नशा करणाऱ्यांतले एचआयव्हीचे नवे रुग्ण वर्षाला हजाराच्या घरात होते, ते पन्नासाच्या आत आले. अतिसेवनानं होणारे मृत्यू युरोपच्या सरासरीपेक्षा कितीतरी खाली राहिले. मात्र पुढे आर्थिक मंदीत या सेवांच्या पैशाला कात्री लागली, यंत्रणा विस्कळीत झाली आणि अलीकडच्या वर्षांत पोर्तूच्या रस्त्यांवर उघड्यावर नशा करणारे पुन्हा दिसू लागल्याच्या तक्रारी वाढल्या.

विरोधकांचा हुकमी एक्का मात्र पोर्तुगालचा नाही, अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा आहे. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये ५८ टक्के मतांनी असाच बदल केला. फेब्रुवारी २०२१ पासून बाळगणाऱ्याला शंभर डॉलरचं तिकीट मिळू लागलं आणि एका हेल्पलाइनला फोन केला, की तेही माफ. फार थोड्यांनी फोन केला. उपचारांचा पैसा पोचायला उशीर झाला, त्यात फेंटानिल या जहाल अमली पदार्थाची लाट आली, शहरांचे चौक नशेत पडलेल्यांनी भरले. सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. ओरेगननं पोलिसांना बाजूला केलं, पण त्यांच्या जागी कुणालाच उभं केलं नाही. पोर्तुगालनं आधी माणसं उभी केली. आपल्याकडे उद्या कलम २७ नुसतं खोडून काढलं आणि जिल्हा रुग्णालयात गोळी नाही, समुपदेशक नाही, खाट नाही, तर आपलाही ओरेगन होईल. कदाचित त्याहून वाईट.

राहिला प्रश्न विकणाऱ्यांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो एमडी सापडलं. त्याआधी नाशिकजवळच्या शिंदे गावात असाच कारखाना उघडकीला आला होता. असा तपास महिनोन्महिने चालतो; रसायनं कुठून आली, पैसा कुठं गेला, हे खणून काढायला माणसं लागतात. चिलीम ओढणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी करून आणण्यात ज्या शिपायांचा दिवस जातो, तीच ही माणसं. पोलीस ठाण्याच्या तक्त्यात मात्र शिंदे गावाचा कारखाना आणि पुलाखालची चिलीम, दोन्हींचा गुन्हा एकेकच मोजला जातो.

मुलाच्या खिशात पुडी सापडलेल्या आईवडिलांना कायद्याचा धाक हवासा वाटतो, हे मी समजू शकतो. पण याच आईवडिलांना व्यसनमुक्ती केंद्रात फोन करण्याआधी पहिला प्रश्न पडतो, ‘पोलिसांत तर जाणार नाही ना?’ धाकानं पुडी थांबली नाही, फोन मात्र थांबला.

हा बदल अगदीच अशक्य कोटीतला आहे, असंही नाही. २०१४ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती होऊन कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणं सोपं झालं. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये अनिवार्य फाशीची तरतूद घटनाबाह्य ठरवली, तीही त्याच दुरुस्तीत ऐच्छिक झाली. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या क्रूझवरच्या अमली पदार्थ प्रकरणाची चर्चा जोरात होती. ज्याच्याकडे काही सापडलंच नव्हतं, असा तरुण तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडी-तुरुंगात होता आणि पुढच्या मे महिन्यात त्याच्यावर आरोपपत्रच दाखल झालं नाही. त्याच सुमारास सामाजिक न्याय मंत्रालयानं महसूल विभागाला, अल्प मात्रेत स्वतःसाठी बाळगणं गुन्हा मानू नये, अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. योगायोगानं त्याच वर्षी डिसेंबरात एनडीपीएस दुरुस्ती विधेयक संसदेत आलंही. २०१४ मध्ये व्याख्येच्या एका उपकलमाचा क्रमांक बदलला होता आणि कलम २७-अ मध्ये तो बदलायचा राहून गेला होता. त्रिपुरा उच्च न्यायालयानं ते दाखवून दिलं होतं. संसदेनं तो क्रमांक दुरुस्त केला. मंत्रालयाची शिफारस त्या विधेयकात नव्हती.